सतरा नंबरचा कान

६ फेब्रुवारी

बाबा आज दुपारच्या बसने आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ती लाकडी पेटी. म्हटलं, "आठ दिवसांसाठी हत्यारं कशाला आणलीत?" तर म्हणे, "वाटेत कुणाची कवळी मोडली तर?" जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या. दुकान बंद करूनही बराच काळ लोटला, पण पेटी काही सुटत नाही.

दादाचा फोन त्यांच्याआधीच पोचला होता. "दिवसभर गॅलरीत बसून असतात गं. आई गेल्यापासून चार शब्द बोलायचे ते दोनावर आलेत. तुझ्याकडे हवापालट होईल. पण फार दिवस ठेवून घेऊ नकोस, तिथल्या थंडीत त्यांचे गुडघे धरतील."

चहा झाल्यावर त्यांना म्युझियम दाखवलं. दाखवायला अर्धा तास पुरतो. खिंडीखालच्या वळणावर दगडी इमारत, तीन दालनं. पहिल्यात दोरखंड, बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. दुसऱ्यात शिखरं सर करायला आलेल्या बाहेरच्या पाहुण्यांचे फोटो. त्यांचं सामान वाहणारी माणसं त्यात कडेला अर्धीमुर्धी कापली गेलीत. आणि तिसरं चेहऱ्यांचं दालन, ज्याच्यासाठी मला इथे नेमलंय. साठेक वर्षांपूर्वी खालच्या विद्यापीठातून अभ्यासकांचं पथक आलं होतं. त्यांनी इथल्या माणसांच्या तोंडावर प्लास्टर लिंपून साचे काढले आणि त्यांतून हे मुखवटे केले. भिंतभर रांगेने टांगलेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांना एकच तपकिरी ऑइलपेंट, आणि खाली पितळी पट्टीवर नंबर आणि दोन शब्द. डोंगरी पुरुष. डोंगरी स्त्री.

संचालकसाहेबांना या दालनाची 'नव्याने मांडणी' हवी आहे. म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलेलं नाही. माझ्या प्रस्तावात सध्या तरी फक्त नवे दिवे आहेत.

बाबा एकेका चेहऱ्यासमोर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ठमाबाई, सगळ्यांनी दात आवळलेत बघ."

"जुन्या लोकांचे चेहरे करारीच असायचे, बाबा."

"घाबरलेल्या पेशंटचे असतात," ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. दोन शब्दांचा कोटा संपला असावा.

१० फेब्रुवारी

फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लावली. 'स्थानिक नागरिकांना प्रवेश विनामूल्य. आपल्या समृद्ध वारशाचे साक्षीदार व्हा.' आज दिवसभरात एक बकरी साक्षीदार झाली. तिने पाटीचा 'वारसा' लिहिलेला कोपरा खाल्ला आणि निघून गेली.

खालच्या गावातलं कुणी आत येत नाही. येतात ते खिंडीकडे निघालेले हौशी प्रवासी, तेही आधी स्वच्छतागृह विचारतात. मी नोकरीच्या मुलाखतीत 'लोकाभिमुख' हा शब्द बऱ्याचदा वापरला होता. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

१७ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, कारण मला अजून ते पुरतं कळलेलं नाही.

सकाळी गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. बस आमच्या फाटकाशीच थांबली आणि सगळे प्रवासी धावत आत शिरले. सगळ्यांच्या पुढे एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई, डोक्यावर लोकरीचा रुमाल. आत येताच तिने दाराचा ताबा घेतला. "आत सरका, आत सरका, दारात थांबू नका, मधे भरपूर जागा आहे!" खरा कंडक्टर कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. त्यानेच मला हळू आवाजात सांगितलं की या बाई याच मार्गावर कंडक्टर होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, पण रोज बसने खाली जातात आणि संध्याकाळी परत येतात. बाईंनी ते ऐकलं. "फुकटचा पास आहे, तो काय उशाशी घेऊन झोपू? आणि तुला सुट्टे पैसे कोण शिकवणार?" आणि हसल्या. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला, समोरचे दोन दात नाहीत म्हणून.

डोंगरभर त्यांना कंडक्टरबाईच म्हणतात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी लांब कुठेतरी नोकरीला आहे.

लोक दालनांतून फिरू लागले. मला आनंद झाला, गर्दी म्हणायला हरकत नव्हती! तिसऱ्या दालनात गेले तर कंडक्टरबाई सतरा नंबरसमोर उभ्या. इतका वेळ घर डोक्यावर घेणारी बाई अगदी चूप.

"हिला जरा खाली काढता येईल?" त्यांनी विचारलं.

"का?"

"कान बघायचाय. डावा."

मी स्टूल आणलं, टॉर्च धरली. डाव्या कानाची पाळी मधोमध फाटून दोन झालेली होती. इतके महिने मी या चेहऱ्यावरची धूळ झटकतेय, माझ्या कधी लक्षात आलं नाही. कंडक्टरबाईंनी त्या फटीत बोट ठेवलं. मी म्हणाले, "मावशी, वस्तूंना हात लावायचा नस..." तेवढ्यात बाबांनी माझं कोपर घट्ट धरलं.

"हा मी फाडलाय," त्या म्हणाल्या. "माझी आई आहे ही."

वर्षाची असताना पाठीवर बांधलेल्या या पोरीने आईच्या कानातला डूल ओढला होता. पुढे मावशीने वाढवलं. ती दर खोडीला हीच गोष्ट सांगायची, 'जन्मदात्रीचा कान फाडणारी तू!' आई चार वर्षांची असतानाच गेली, म्हणजे ही चार वर्षांची असताना. घाईत काहीतरीच लिहितेय. फोटो एकही नाही.

"तोंड आठवत नाही मला. कान आठवतो. तो बोटांत धरल्याशिवाय झोप यायची नाही." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "उभं आयुष्य या फाटकाशी बस थांबवून 'म्युझियम, म्युझियम' ओरडले. आत एकदाही आले नाही. म्हटलं, आपलीच दोरखंडं, त्यात काय बघायचं?"

गारा थांबल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. विसरलेली छत्री मागावी तसं त्यांनी मला विचारलं, "घरी नेऊ का हिला?"

मी जे म्हणायचं असतं तेच म्हणाले. वस्तू सरकारी आहे, वर विचारावं लागेल.

"विचारा. मी रोज याच बसने जाते."

बस गेल्यावर बाबांनी विचारलं, "ही बस किती वाजता येते म्हणाल्या?" मी म्हटलं, तुम्हाला कुठे जायचंय? तर म्हणे, सहज.

१८ फेब्रुवारी

संचालकसाहेबांशी फोनवर बोलले. "भावना समजतात हो. पण आज एकीला दिला, उद्या सगळे आपापले चेहरे मागतील. भिंत रिकामी झाल्यावर म्युझियम कशाचं? तिला एक प्रतिकृती करून द्या."

खरं लिहायचं तर मला त्यांचं पटलं. ही भिंत म्हणजे माझं काम, आणि मीच ती वाटत सुटले तर उद्या 'हात दाखवून अवलक्षण' असं लोक म्हणतील. तरी सतरा नंबरखालची पट्टी पुसताना आज हात अडखळला. डोंगरी स्त्री. जशी एखाद्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी.

प्रतिकृती करणारा कारागीर खालच्या शहरातून बोलवावा लागेल, असं जेवताना म्हणाले. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी इथे काय झोपा काढायला आलोय?"

२४ फेब्रुवारी

कंडक्टरबाई आज मुद्दाम उतरल्या. मी प्रतिकृतीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे नकली आई?"

"अगदी हुबेहूब असेल, मावशी."

बाबा मधेच बोलले, "कवळीसुद्धा नकलीच असते. पण तिने खाता येतं."

त्या त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"मी हिचा बाप. दात करतो."

"करा मग! आमच्याकडे चणे आहेत तर दात नाहीत," आणि पुन्हा तोंडावर हात धरून हसल्या.

"हात काढा आणि आ करा बघू."

आणि खरंच, म्युझियमच्या तिकीट खिडकीपाशी बाईंनी आ केला आणि बाबांनी टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडात डोकावून माप घेतलं. मी शरमेने अर्धमेली झाले. त्याच वेळी दोन प्रवासी आले आणि स्वच्छतागृह न विचारताच परत गेले.

बाबांचे आठ दिवस कधीच उलटून गेले. काम संपेपर्यंत राहतो म्हणतात. पण त्यांना करमत नाही हे मला दिसतंय. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी जाऊन उभे राहतात, बस येऊन जाईपर्यंत. संध्याकाळी परतीच्या बसलाही तेच. घरच्या ओढीने माणूस असा रस्त्याकडे डोळे लावून बसतो. दादाला कळवायला हवं.

२ मार्च

एखादी गोष्ट बसमध्ये सांगितली म्हणजे डोंगरभर सांगितली. सतरा नंबरची बातमी सगळीकडे पोचली आहे.

आज सुतार आला होता, खिळखिळ्या झालेल्या फळ्या बदलायला. चाळिशीचा, कमी बोलणारा. काम झाल्यावर विचारून तिसऱ्या दालनात गेला. या इमारतीत तो आधीही काम करून गेलाय, पण त्या दालनात पाऊल ठेवलं नव्हतं. नऊ नंबरसमोर थांबला. त्याचे आजोबा. माझ्या वडिलांचंच तोंड, म्हणाला.

मी उत्साहाने म्हटलं, "तुम्हालाही एक प्रतिकृती हवी असेल ना?"

"आजोबा सांगायचे त्याबद्दल," तो म्हणाला. "रांगेत बसवलं होतं. तंबाखू देऊ म्हणाले. नाकात दोन नळ्या घातल्या आणि तोंडावर गार लगदा थापला. एक नळी सरकली. श्वास कोंडला तसे ते उठायला लागले, तर दोघांनी हात दाबून धरले. हलू नकोस, साचा बिघडेल म्हणून. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तोंडावर पांघरूण घेतलं नाही. या थंडीत."

घरी नेणार का, असं विचारलं. "घरी नको. आई बघेल, तिला त्रास होईल." मग इथेच राहू दे का? "इथेही नको."

"मग काय करू या?"

तो नऊ नंबरच्या आणखी जवळ गेला. "तोंड फिरवा त्याचं," म्हणाला. आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने पेचकस काढून नऊ नंबर उतरवला, उलटा केला, चेहरा भिंतीकडे करून पुन्हा बसवला. आता तिथे मुखवट्याची आतली बाजू दिसते. पांढरं ओबडधोबड प्लास्टर, त्यात रुतलेलं गोणपाट, नाकाच्या जागी खड्डा, आणि कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचे ठसे.

संध्याकाळपर्यंत सरळ करून ठेवीन असं ठरवलं होतं. ठेवलं नाही.

९ मार्च

वाईट दिवस.

बाबा मागच्या खोलीत खिडकीजवळ सतरा नंबरचा साचा काढत होते. दातांचं माप घेतात ती गुलाबी पेस्ट. मी ऑफिसात फोनवर होते. टक् असा आवाज आला. धावत गेले तर बाबा तळहातावर कानाची पाळी घेऊन बसलेले. फाटलेल्या पाळीचा एक तुकडा.

"कानामागच्या खाचेत पेस्ट अडकली होती," ते म्हणाले. "थांबायला हवं होतं. मी घाई केली."

"घाई? कसली घाई होती तुम्हाला?"

सकाळची बस नुकतीच हॉर्न देऊन गेली होती, तिचा धूर अजून फाटकाशी होता.

मग मी नको ते बोलले. ही संग्रहातली वस्तू आहे, तुमची कवळी नाही. माझी नोकरी जाईल. तुम्हाला काहीतरी उद्योग हवा म्हणून मी हे करू दिलं. शेवटचं वाक्य तोंडातून सुटल्यावर परत घेता आलं नाही. ते एवढेसे झाले.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज वेगळा होता. पेस्टबरोबर डाव्या भुवईवरच्या रंगाचा एक पोपडा निघाला होता. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. खालच्या पांढऱ्या प्लास्टरमध्ये एक काळी रेघ.

"तडा गेलाय?" मी घाबरून विचारलं.

"केस आहे. भुवईचा. तेव्हा साचा ओढून काढला त्याबरोबर उपटून आला असणार, आणि मग यात उतरला." मग म्हणाले, "दुखलं असेल तिला."

संचालकसाहेबांना कानाचं कळवलं. ते फक्त 'हं' म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात उरलेला दिवस गेला.

१० मार्च

मी सांगणार होते, बाबांनी सांगू दिलं नाही. कंडक्टरबाई उतरल्या तसे ते पुढे झाले आणि मूठ उघडून तुकडा दाखवला. "माझ्या हातून झालं," एवढंच म्हणाले.

बाईंनी तुकडा उचलला. बोटांत फिरवला. मला वाटलं, आता या सगळा डोंगर गोळा करणार.

"एकदा मी फाडला, एकदा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आईच्या कानाला काही आपल्याकडून सुख नाही."

आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, मग दोन्ही एकदम. बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काय करावं हे न सुचून चहाही दिला. मग त्यांच्या डोळ्याला भिंग लावून भुवईचा केस दाखवला.

त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. भिंग काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काळा आहे," म्हणाल्या. "माझं डोकं पांढरं झालं, हिचा एकही पिकलेला नसेल. माझ्या मुलीपेक्षा लहान आहे की हो माझी आई."

मी खिडकीशी जाऊन उगाच पडदा सारखा करत राहिले.

१२ मार्च

रात्रभर विचार करून सकाळी फोन लावला. "साहेब, प्रतिकृती आपण ठेवू. मूळ चेहरा त्यांना देऊ."

"आपलं ठरलं होतं ना?"

"हो. पण तेव्हा दोन्ही सारखेच आहेत असं मी धरून चालले होते. सारखे नाहीत. एकात तिच्या आईचा केस आहे. बघायला येणाऱ्याला नाक, डोळे, फाटका कान, सगळं प्रतिकृतीत दिसेल. त्याचं काही बिघडत नाही. तिचं बिघडतं."

साहेबांनी विचारलं, "कागदावर काय म्हणून दाखवणार? संग्रहातली वस्तू बक्षीस देता येत नाही."

"आपण शाखेला वस्तू देऊ शकतो."

"कसली शाखा?"

"त्यांचं घर. ती आपली शाखा समजायची."

पलीकडून विचित्र आवाज आला. साहेबांना ठसका लागला असं वाटलं. ते हसत होते! "शाखेची वर्षातून एकदा तपासणी करावी लागते, माहीत आहे ना?"

"करीन साहेब."

"आणि त्या कानाचं अहवालात खरं ते लिहा. दुरुस्त करून द्या." मग, "आणि बाकीच्यांनी मागितले तर? भिंतीचं काय?"

"माहीत नाही, साहेब," मी म्हणाले. या नोकरीत दिलेलं हे माझं पहिलं प्रामाणिक उत्तर असावं.

२८ मार्च

सतरा नंबर आज घरी गेला. गेली, असं लिहायला हवं.

बाबांनी कान असा जोडला की मला शोधूनही सांधा दिसत नाही. आधीची फट मात्र तशीच ठेवली. नवी प्रतिकृती भिंतीवर लागली, ती पांढरीच ठेवली, रंग लावू दिला नाही. पितळी पट्टी काढली. तिथे आता त्या बाईचं नाव आहे आणि खाली कंडक्टरबाईंनी सांगितलेली ओळ, 'हिच्या मुलीने हिचा कान फाडला आणि तोच धरून ती झोपायची.' मी 'बालपणीची एक हृद्य आठवण' असं काहीतरी वर जोडत होते. बाईंनी ते खोडायला लावलं. बरं केलं.

पोचवायला बाबा आणि मी दोघं बसने गेलो. कंडक्टरबाईंनी शालीत गुंडाळलेला चेहरा खिडकीजवळच्या सीटवर ठेवला आणि स्वतः शेजारी बसल्या. नवा कंडक्टर आला. "बाई, याचं काय धरू? लगेज?"

"पूर्ण तिकीट फाड," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने कधी बस पाहिली नाही."

बसमध्ये कुणी हसलं नाही. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने वळून शाल जरा बाजूला केली, पाहिलं, आणि पुन्हा नीट पांघरली.

त्यांची खोली एका चढावर आहे. चूल, पलंग, खिडकी, खिडकीतून सगळी दरी. चेहरा खिडकीच्या बाजूच्या फळीवर ठेवला. भिंतीवर ठोकायला खिळा बाबांनी आणला होता, तर बाई म्हणाल्या, "टांगायचं नाही तिला आता." निघताना बाबा तिथेच रेंगाळले, दाराची कडी नीट बसत नाही ती बघतो म्हणाले. मी खाली थांब्यावर बराच वेळ उभी होते. बाबांना कड्यांमधलं कधीपासून कळायला लागलं?

१९ एप्रिल

भिंत रिकामी झाली नाही. पण पहिल्यासारखीही राहिली नाही.

काही घरांनी चेहरे नेले, तिथे आता पांढऱ्या प्रती आहेत. एका घराने नेला आणि दोन दिवसांत परत आणला. नात घाबरते, तुमच्याकडेच बरा आहे, आम्ही येऊन भेटत जाऊ म्हणाले, आणि येतातही. दोन भाऊ वडिलांवरून माझ्या ऑफिसात हमरीतुमरीवर आले. बाबांनी दोन प्रती करून देईन म्हटल्यावर शांत झाले, मग मूळ कोणाची यावर पुन्हा पेटले. काही चेहरे कुणीच ओळखले नाहीत. त्यांच्या खालचे 'डोंगरी' काढून मी 'ओळखता का?' असं लिहिलंय. लोक तिथे वाकून, बाजूने, डोळे बारीक करून बघतात. नऊ नंबरची पाठ तशीच आहे. सुताराने तिच्याशेजारी लावायला चार ओळी सांगितल्या, मी त्या जशाच्या तशा लिहिल्या. सगळ्यांत जास्त वेळ माणसं तिथेच थांबतात. दिव्यांचा प्रस्ताव मी परत घेतला.

पण आज लिहायला बसले ते बाबांमुळे. दादाशी बोलून मी त्यांचं रविवारचं तिकीट काढलं. त्यांना सांगितलं तर दिवसभर बोलले नाहीत. घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही मला जड झालात म्हणून नाही. तुम्हाला इथे कंटाळा आलाय म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"रोज दोन वेळा फाटकाशी उभे असता बसची वाट बघत. मला काय दिसत नाही?"

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "ठमाबाई, तू म्युझियममध्ये नोकरीला आहेस ना?"

"हो."

"मग बघायला शीक."

मला राग आला. इतकी वर्षं शिकून, नोकरी करून हे ऐकायचं! तिकीट मात्र रद्द केलं. गुडघ्यांना इथली हवा मानवली म्हणतात, ते खरं असावं. चढ चढून रोज फिरायला जातात आणि कुरकुर नाही.

३० मे

आज एक नवा चेहरा झाला.

कल्पना कंडक्टरबाईंची. "आईशेजारी माझा लावा. पण मला विचारून, माझ्या सवडीने आणि डोळे मिटायच्या आधी मला हवं तेवढं बोलून झाल्यावर." मला ते फार आवडलं. साहेबांनाही. साठ वर्षांत संग्रहात स्वतःहून आलेला हा पहिला चेहरा.

मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली. बाईंनी नवा रुमाल बांधला होता. बाबांनी केलेले दात बसवून आता महिना झाला. हसताना हात वर जायची सवय अजून आहे, पण अर्ध्यावर थांबतो. बाबांनी आधी सगळं नीट समजावलं. नळ्या नाहीत, नाकपुड्या मोकळ्या राहतील. पेस्ट गार लागेल. नको वाटलं की हात वर करायचा, मी लगेच काढीन. "आणि बोलायचं नाही, हसायचं नाही. पेस्ट घट्ट होईपर्यंत तोंड हललं तर साचा बिघडतो."

"म्हणजे जन्मात नाही केलं ते करायला सांगताय," बाई म्हणाल्या. मग डोळे मिटून मान मागे टेकली.

माझ्याकडे भांडं धरायचं काम होतं. बाबांनी कपाळापासून सुरुवात केली. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाचे हात आज थरथरत होते. थंडी असेल, खिडकी उघडी होती. मी ती बंद करायला गेले तर "राहू दे" म्हणाले. गालांवर, हनुवटीवर, शेवटी ओठांवर पेस्ट लावली. फक्त नाकपुड्या उघड्या. खोलीत अगदी शांत झालं. बाई श्वास घेत होत्या तेवढाच आवाज.

मग बाबा वाकले आणि त्यांच्या कानाशी अगदी हळू काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. एखादं वाक्य असेल, फार तर दोन.

आणि पेस्ट हलली! अजून ओली होती, दोन्ही गाल वर सरकले, ओठांची कड ताणली गेली. मी ओरडले, "मावशी, हसू नका, साचा जाईल!" बाईंनी हात वर केला. नको वाटलं की करायचा तो. पण बाबांनी पेस्ट काढली नाही. तो हात त्यांनी धरला आणि तसाच धरून ठेवला, सगळं घट्ट होईपर्यंत.

साच्यातून चेहरा दुपारी निघाला. बिघडलाय असं मला वाटलं होतं. नाही बिघडला. डोळे मिटलेले, आणि ओठ मिटलेले असूनही सबंध चेहरा हसतोय, डाव्या बाजूला जरा जास्तच. आमच्या भिंतीवर असा एकही नाही. उद्या लावू.

मी पुन्हा करू या का विचारलं, तर दोघं एकदम "नको" म्हणाले.

संध्याकाळी बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला गेले ते बसमध्येच चढले. कडी पुन्हा निखळलीय म्हणे. जायच्या आधी मी त्यांना विचारलं, की ऐन वेळी बाईंच्या कानात असं काय सांगितलंत?

"काही नाही गं. वाळायला किती वेळ लागेल ते सांगितलं."

वाळायला लागणाऱ्या वेळात एवढं हसण्यासारखं काय आहे, कोण जाणे.